गावाची भिंत गावानं रंगवायची तर

शाळेचं कुंपण, ग्रामपंचायतीची मागची बाजू, सोसायटीतल्या पंपघराची भिंत, बाजाराकडे जाणारा बोळ. अशी एखादी जागा हेरून ‘इथं सगळ्यांनी मिळून चित्र काढू या’ म्हणणारी मंडळी आता गावोगावी, गल्लोगल्ली आहेत. त्यांचा उत्साह खरा असतो, त्यामागची माया खरी असते. पण बहुतेक ठिकाणी घडतं ते असं : तीन-चार जण मोबाइलवर एक चित्र पसंत करतात, शहरातून कुणाला तरी बोलावतात आणि उद्घाटनाच्या दिवशी दहा मुलांच्या हातात ब्रश देऊन फोटो काढतात. दोन पावसाळे गेल्यावर त्याच भिंतीवर शिकवणीची जाहिरात चिकटते, आणि कुणाला फारसं वाईटही वाटत नाही.

वाईट वाटावं असं चित्र हवं असेल तर एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. रंग कोणी भरला हा दुय्यम प्रश्न आहे; काय काढायचं हे कोणी ठरवलं, हा पहिला. हा लेख त्या क्रमानंच लिहिला आहे. माणसं आधी, मग भिंत, आणि रंग त्यानंतर.

आपल्याला हे काम अगदीच नवं नाही. गणेशोत्सवाचा देखावा उभारणारं मंडळ वर्गणी काढतं, विषयावर रात्र रात्र भांडतं, कुणी सुतारकाम करतं, कुणी लाइटिंग, आणि तरीही मूर्तिकाराच्या कामात कुणी ढवळाढवळ करत नाही. ही सवय गावात आहेच. तुमच्या भिंतीच्या कामात मंडळाच्या कार्यकर्त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. परांची कुठं मिळते, वीज कुठून ओढायची, कुणाकडे कोण गेलं तर काम होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

कलावंत कोण?

शोधायला लांब जाऊ नका. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची अक्षरं रंगवणारे पेंटर अजून आहेत. कित्येकांचा हात अजून तयार आहे आणि काम मात्र उरलेलं नाही. शाळेत एटीडी झालेले चित्रकलेचे शिक्षक असतात. गणपती घडवणारं घर असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चांगल्या श्रेणीत पास होऊन पुढं संसारात गुंतलेल्या बायका प्रत्येक गल्लीत सापडतील. संक्रांत-दिवाळीला जिची रांगोळी बघायला लोक थांबतात, तीही कलावंतच. एकट्यावर भार टाकण्यापेक्षा एक मुख्य कलावंत आणि दोन-तीन साथीदार अशी जोडणी करा.

मुख्य कलावंत निवडताना हात बघाच, पण कान जास्त बघा. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेऊन मग पेन्सिल उचलणारा माणूस या कामाला लागतो. आणि त्याला पैसे द्या. ‘आपल्याच गावचा आहे, करून देईल’ हे वाक्य कित्येक चांगली कामं बुडवून गेलं आहे. गवंड्याला मजुरी देतो, सिमेंटचे पैसे देतो आणि महिनाभर राबणाऱ्या चित्रकाराला शाल-श्रीफळ देऊन मोकळं होतो, हे मला मुळीच पटत नाही. अंदाजपत्रकाची पहिली ओळ कलावंताच्या मानधनाची असू द्या. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा तरी तिकडे जावा, आणि दहावा हिस्सा पुढच्या देखभालीसाठी बाजूला राहावा, असं मी सुचवेन. मानधन तीन टप्प्यांत द्या : कच्चं चित्र मंजूर झाल्यावर, भिंतीवर रेषा उतरल्यावर आणि काम पुरं झाल्यावर.

अधिकाराची वाटणीही त्याच दिवशी करून टाका. विषय गावाचा, रेष कलावंताची. गाव म्हणेल, ‘नदी हवी.’ ती किती रुंद, कुठून वळते, कुठल्या निळ्या रंगात, हे कलावंत ठरवेल. ही वाटणी आधी झाली नाही, तर रंगाच्या दिवशी येणारा-जाणारा प्रत्येक जण एक फूल वाढवायला सांगतो आणि चित्राचा बाजार होतो.

बोलणं कसं करायचं

बैठक एकच घेऊ नका. ग्रामसभेत जे बोलतात तेच पुन्हा बोलतील. संध्याकाळी पारावर एक, बचत गटाच्या दिवशी बायकांची वेगळी, शाळेत मुलांची, आणि ज्या वस्तीतली माणसं गावात फारशी येत नाहीत तिथं जाऊन एक. त्यांना बोलावून चालत नाही, आपणच जायचं.

‘भिंतीवर काय काढू या?’ हा प्रश्न मात्र टाळा. त्याची उत्तरं ठरलेली आहेत : उगवता सूर्य, झाडे लावा, मोर. त्याऐवजी जागेबद्दल विचारा. इथं आधी काय होतं? पाणी कुठून आणायचात? सासरी आलात तेव्हा गावात शिरताना पहिल्यांदा काय दिसलं? कुठला आवाज आता ऐकू येत नाही? उत्तरं वहीत उतरवा, सांगणाऱ्याच्या नावासकट.

एका गावात असंच जुन्या विहिरीचं चित्र ठरलं. तरुण चित्रकारानं प्रायमर मारलेल्या भिंतीवर कोळशानं विहीर, वरचं चाक, मोट आणि बैलजोडी काढली. संध्याकाळी पारावरून एक आजोबा उठून आले. काठीनं मोटेकडे दाखवून म्हणाले, ‘‘आरं लेका, हिचा सोंदूर कुठाय?’’ मोटेला दोर दोन. वरच्या तोंडाला जाड नाडा, खालच्या सोंडेला बारीक सोंदूर. मोट वर येईपर्यंत सोंदूर सोंड उचलून धरतो म्हणून पाणी सांडत नाही, आणि वर आल्यावर तोच सोंडेला थारोळ्याकडे, म्हणजे पाणी पडायच्या कुंडाकडे, खेचतो. चित्रात दोर एकच होता. शिवाय दोर ताठ आणि बैलांची तोंडं विहिरीकडे! मोट ओढताना बैल विहिरीकडे पाठ करून धावेवरून खाली उतरतात, आणि परततात तेही मागं सरकत. चित्रकारानं ओल्या फडक्यानं बैल पुसले, आजोबांना खुर्ची दिली आणि त्यांच्यासमोर पुन्हा काढले. तासाभरात तिथं चांगला जमाव झाला. चाक कसं कुरकुरायचं ते एकानं तोंडानं करून दाखवलं. एका आजींनी थारोळ्यात धुणं धुतल्याचं सांगितलं, आणि ती धुणं धुणारी बाई चित्रात आली. त्या भिंतीवर आज पोस्टर लावायची कुणाची छाती नाही.

या बोलण्यातून कधी कधी चित्र बाजूला पडून भलतंच काही निघतं. निघू द्या. नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या चित्रकर्त्रीनं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बस्तरमधल्या कोंडागावला जाऊन शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेस्सूराम विश्वकर्मा या तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम सुरू केलं. हातपंपाभोवती बायका-मुलांचा दिवसातला बराच वेळ जातो, हे त्यांच्या बोलण्यात आलं. मग त्यांनी हातपंपांच्या जागाच घडवायला घेतल्या. ‘नलपार’ हे त्या कामाचं नाव. भोवतीच्या भिंतींना आकार दिले, चिन्हं कोरली, सांडपाण्याला वाट काढली. आणि भरलेलं भांडं जमिनीवरून डोक्यावर घेताना बाईला कमी वाकावं लागेल, अशा उंचीवर ते टेकवायला कोनाडे केले. कला आणि सोय तिथं एकाच दगडात बसवली गेली. मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ नावाच्या जागा झाल्या. पण हे एका शिबिरात घडलं नाही, त्यामागं वर्षानुवर्षांचं जाणं-येणं होतं. तुमच्याकडे वर्षं नसतील, पण भिंतीला हात लावण्याआधी निदान दीड-दोन महिने बोलण्याला द्या.

धारावीत २०१५ साली ‘स्नेहा’ या संस्थेनं भरवलेल्या बिनाले या कलामेळ्यात आरोग्याचे प्रश्न धरून रहिवासी आणि कलावंत एकत्र बसले होते. अशा प्रश्नांत घरात होणारी हिंसाही येते, आणि तिच्याबद्दल बायका चारचौघांत बोलत नाहीत. पण हातात सुई आणि कापड असलं की बोलणं सुरू होतं. गोधडी शिवत बसलेल्या आपल्याकडच्या बायका हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. म्हणून तुमच्या ठिकाणी भिंतीपेक्षा गोधडी योग्य वाटली, तर गोधडीच करा.

वारली काढण्याआधी

पुलाखाली, उद्यानाच्या कुंपणावर, सरकारी कचेरीत गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या काढल्या की ‘लोककला’ झाली, असं आता सर्रास मानलं जातं. ते काढणाऱ्यांत बहुधा वारली माणूस एकही नसतो. मला हे खटकतं. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. मधोमध पालघट देवी असते, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी एवढंच साहित्य. तो विधीचा भाग आहे. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही रेष कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र हवंच असेल तर डहाणू-तलासरी-जव्हारकडच्या वारली कलावंताला बोलवा, त्याचं मानधन द्या, आणि चौकातलं काय बाहेरच्या भिंतीवर काढायचं नाही, हे त्याच्या तोंडून ऐका.

तुम्ही दुसऱ्या भागात असाल तर तुमच्याच परिसरात बघा. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळांवर कावी काम आहे, लाल मातीचा थर खरवडून खालचा पांढरा चुना दाखवणारं. मराठवाडा-विदर्भातल्या तांड्यांवर बंजारा भरतकामाचे आकार आहेत, आजींच्या हातांवर गोंदण आहे, आणि ठिपक्यांची रांगोळी तर घराघरांत.

परवानगी आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. ग्रामपंचायतीची भिंत असेल तर मासिक सभेचा ठराव आणि त्याची प्रत. शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. सोसायटीत सर्वसाधारण सभा. शहरातल्या सार्वजनिक भिंतीसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयाचं पत्र. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे, तेव्हा तोंडी ‘करा हो’वर विसंबून राहू नका. खासगी घराच्या भिंतीसाठी मालकाची साध्या कागदावर तरी सही घ्या. जुनं दगडी देऊळ, गढी, बारव, किल्ल्याची तटबंदी यांना मात्र परवानगी मिळाली तरी रंग लावू नका. दगडावर चढलेला रंग काढताना दगडच सोलवटतो.

कलावंताबरोबर एक पानाचं करारपत्र करा. त्यात मानधन, मुदत, चित्र किती वर्षं ठेवायचं, पुढं भिंत पाडायची झाली तर त्याला किती आधी कळवायचं, आणि चित्राचा फोटो कॅलेंडरवर किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याची संमती, एवढं असू द्या. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकण्यात आलं होतं. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेलं शिल्प त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा आधार त्यांना मिळाला. काम विकलं तरी कलावंताचं त्याच्याशी असलेलं नातं कायदा मानतो.

देणगीदाराचं नाव कुठं आणि केवढं, हेही लिहूनच ठेवा. कंपनीचा लोगो चित्रात नको, खालच्या कोपऱ्यातल्या पाटीवर चालेल. पक्षांचे रंग आणि हयात पुढाऱ्यांचे चेहरे यांना सरसकट नकार द्या. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला थांबवता येत नाही. लोक थुंकू नयेत म्हणून देवांची चित्रं काढायची पद्धतही सोडून द्या. ती देवाचीही विटंबना आणि भिंतीचीही.

वर्गणी प्रत्येक घरातून घ्या, दहा रुपये का होईना. पावती द्या आणि हिशेब फलकावर लावा.

भिंत ओळखा

चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा भिंतीमुळे. तळहातानं भिंत चोळून बघा. हाताला पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर ॲक्रिलिक रंग टिकत नाही, पापुद्रा धरून सुटतो. तारेच्या ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून मगच पुढं जा. पायथ्याशी पांढरा लोणा फुटला असेल तर आत ओल आहे. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला बंद करून २४ तास ठेवा. आतून थेंब धरले तर आधी गळती शोधा : मागच्या बाजूला माती टेकली आहे का, गटार झिरपतं का, वरच्या माथ्याला उतार आहे का. हे गवंड्याचं काम आहे, रंगानं झाकलं जात नाही. नवा गिलावा असेल तर पाणी मारणं संपल्यावर किमान महिनाभर वाळू द्या.

दिशाही बघा. पश्चिमेची भिंत दुपारचं ऊन खाते, कोकणात नैर्ऋत्येकडून पाऊस झोडपतो. उत्तरेकडची भिंत रंग सगळ्यांत जास्त दिवस धरते. निवडीला वाव असेल तर तीच घ्या. काम दसऱ्यानंतर काढा आणि होळीच्या आत संपवा.

जुना तेलरंग खरवडायचा असेल तर मुलांना लांब ठेवा. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. भिंत ओली करून, तोंडाला मास्क लावून मोठ्यांनीच खरवडावं आणि पडलेले पापुद्रे गोळा करावेत.

तेलरंगापेक्षा बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन घ्या. वास कमी, ब्रश पाण्यानं धुता येतात, मुलांच्या हातात देता येतो. ४० फूट लांब आणि ८ फूट उंच भिंत म्हणजे ३२० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना एका लिटरमध्ये साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीलाच सहा-सात लिटर लागेल. खरखरीत भिंत त्याहून जास्त पिते. त्याआधी प्रायमरचा एक हात. जाड पुट्टी बाहेर नकोच. रंग दुकानातल्या मशीनवर मिसळून घ्या आणि शेड नंबर लिहून ठेवा. पांढऱ्या रंगात बाटल्याच्या बाटल्या स्टेनर ओतला तर तो लवकर उडतो. लाल-पिवळ्यात गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीच्या छटा उन्हात टिकतात, भडक गुलाबी-केशरी आधी विटतात. जमिनीलगतचा फूटभर पट्टा एकाच गडद रंगात ठेवा. तिथं पावसाचा चिखल उडणारच. तो भाग दरवर्षी चित्राला धक्का न लावता नव्यानं रंगवता येतो.

रंगाचे दिवस

कच्चं चित्र एका फुटाला एक इंच या मापानं कागदावर चौकटीत काढून घ्या. भिंतीवर फूट-फूट अंतरानं खडूच्या पुडीत घोळलेलं सूत ताणून मारलं की चौकटी उमटतात, आणि एकेक चौकट वर चढवता येते. हे काम आठवी-नववीची मुलं सुंदर करतात; गणिताच्या सरांना बोलवा. बाह्यरेषा मुख्य कलावंत पक्की करील आणि प्रत्येक तुकड्यात रंगाचा आकडा लिहील. डब्यांवरही तेच आकडे.

चाळीस फुटांच्या भिंतीला एका वेळी दहा-बारा माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की कोपर लागतं. सकाळी सात ते दहा आणि चार ते सहा अशा पाळ्या लावा, नावं आदल्या दिवशी फलकावर. मुलं जमिनीवर उभी राहून हात पोचेल तेवढंच रंगवतील. परांचीवर फक्त मोठी माणसं. रंगाच्या डब्याजवळ एक जबाबदार बाई किंवा बुवा दिवसभर हवा; नारळाच्या करवंट्या रंग वाटायला उत्तम.

फक्त आकड्यांप्रमाणे रंग भरणं मात्र पुरेसं नाही. चित्रात एक जागा अशी राखून ठेवा की जिथं लोकांचा स्वतःचा हात उमटेल. सगळीकडे पंजाचे ठसे मारतात, त्यानं कुणाचंच काही सांगून होत नाही. त्यापेक्षा चित्राची किनार फूट-फूट तुकड्यांत वाटून द्या आणि प्रत्येक घराला सांगा, तुमच्या घरातली ठिपक्यांची रांगोळी इथं काढा. ज्या बाईनं आयुष्यात ब्रश धरलेला नाही तिचा हातही इथं थरथरत नाही. किनार थोडी वाकडी झाली तर होऊ द्या. ती सरळ करायला कलावंतानं रात्री येऊ नये.

चित्र झाल्यावर

अमेरिकेत लॉस एंजेलिसला ज्युडी बाका या चित्रकर्त्रीनं १९७६ पासून पुराच्या पाण्याच्या काँक्रीट कालव्यात, तो कोरडा असतो त्या उन्हाळ्यांत, चारशेहून जास्त तरुणांना घेऊन अर्ध्या मैलाचं भित्तिचित्र रंगवलं. कॅलिफोर्नियाच्या इतिहासातून वगळलेल्या लोकांची ती कहाणी होती. ऊन-पाण्यानं ते विटलं, आणि २०११ मध्ये ते पुन्हा दुरुस्त करून घ्यावं लागलं. इतकं गाजलेलं चित्रही देखभालीवाचून राहत नाही.

पाटीवर सगळ्यांची नावं लिहा, करवंट्या धुणाऱ्यांची आणि परांची बांधणाऱ्यांचीसुद्धा. उरलेले रंग घट्ट झाकणाच्या डब्यांत, शेड नंबरांची यादी, कच्चं चित्र आणि करारपत्र हे सगळं शाळेच्या एकाच कपाटात ठेवा. दरवर्षी दसऱ्याआधी मऊ ब्रशनं साध्या पाण्यानं भिंत धुवा, पापुद्रे सुटले असतील तिथं त्याच कलावंताकडून डागडुजी करून घ्या आणि तिचे पैसे बाजूला काढलेल्या दहाव्या हिश्शातून द्या. पोस्टर दिसलं तर त्याच दिवशी काढा.

पाच वर्षांनी पुन्हा सभा बोलवा आणि तीन पर्याय ठेवा : हेच चित्र राखायचं, दुरुस्त करायचं, की नवं करायचं? गावाला नवं हवं असेल तर जुन्याचे नीट फोटो काढून खुशाल पुसा. पहिल्या वेळी चौथीत असलेली मुलं तोवर नववीत गेली असतील. सूत मारायचं काम या वेळी त्यांच्याकडे द्या.